आठ जीबीच्या चिपवर उभी असलेली गाडी

गाडी सुरू होते. मोटर ठीक, ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक. फक्त मधला सतरा इंची पडदा काळाठिक्कर आहे. रिव्हर्स टाकला तर मागचं चित्र दिसत नाही. समोरच्या काचेवर वाफ धरलीय, पण ती घालवायचं बटण त्या काळ्या पडद्याच्या आतच आहे. वळताना इंडिकेटर बाहेर लुकलुकतो, आत मात्र त्याची टिकटिक ऐकू येत नाही. स्टिअरिंगवरची दोन्ही छोटी चाकं एकदम दाबून धरली की पडदा नव्याने सुरू होतो, ही युक्ती मालकाला पाठ आहे. आज तीही चालत नाही.

टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांच्या हजारो अमेरिकन मालकांवर ही वेळ आली. यातल्या बऱ्याच गाड्या तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांच्या होत्या. शेवटी सरकारने पत्र पाठवलं आणि कंपनीला १,३४,९५१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण होतं अंगठ्याच्या नखाएवढी एक मेमरी चिप. ती बिघडली नव्हती. झिजली होती, आणि झिजणारच होती.

गाडीतल्या नकाशाचं आणि करमणुकीचं पुढे काय होणार, यावर बोलणारे लोक सहसा पडद्याची रुंदी, बोलका सहायक, मागच्या सीटवरचे सिनेमे यांवर बोलतात. मला हे जुनं प्रकरण जास्त बोलकं वाटतं. पुढच्या पंधरा वर्षांतली भांडणं कशावरून होणार, ते यात आधीच दिसतं.

नाव मीडियाचं, कामं सगळीच

मॉडेल एसच्या पहिल्या गाड्या २२ जून २०१२ रोजी ग्राहकांच्या हाती पडल्या. डॅशबोर्डवर बटणं जवळपास नव्हतीच. धोक्याचे दिवे लावायचं एक आणि हातमोज्यांचा कप्पा उघडायचं एक, अशी दोन पडद्याच्या कडेला होती. बाकी सारं काचेवर. पडद्यामागच्या संगणकाचं नाव होतं मीडिया कंट्रोल युनिट, म्हणजे एमसीयू. त्यात एनव्हिडियाचा टेग्रा ३ हा प्रोसेसर आणि ८ जीबीची ईएमएमसी जातीची मेमरी चिप होती.

पाचच दिवसांनी, २७ जूनला, गूगलने नेक्सस ७ नावाचा टॅबलेट जाहीर केला. त्यातही टेग्रा ३ होता आणि त्याचा सगळ्यात स्वस्त अवतार ८ जीबीचाच होता. म्हणजे एका बाजूला दोन-तीन वर्षं वापरून ड्रॉवरमध्ये टाकायची वस्तू आणि दुसऱ्या बाजूला लोक दहा-पंधरा वर्षं चालवतील अशी गाडी. आणि दोघांचा मेंदू एकाच घराण्यातला. त्यात तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. उलट गाडीत टॅबलेट आला याचंच कौतुक झालं. तो टॅबलेट आज कुणी वापरत असेल असं वाटत नाही. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत.

एमसीयू या नावात 'मीडिया' आहे, म्हणून ते गाणी आणि नकाशे यांच्यापुरतं असेल असा समज होतो. तसं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. रेडिओ बंद पडला म्हणून कोणतंही सरकार गाड्या परत बोलवत नाही. पण मागच्या कॅमेऱ्याचं चित्र, काचेवरची वाफ घालवणारी हवा, इंडिकेटरची टिकटिक, चालकाला सावध करणारे आवाज, हे सगळं याच डब्यातून जात होतं. करमणुकीच्या खोक्यात सुरक्षेची कामं एकेक करून येऊन बसली. त्यामागे कुणाचा कट नव्हता. पडदा आहेच, मग त्यातच टाकू, असं होत गेलं.

पडद्याची ही हौस नवी नाही. ब्यूकने १९८६च्या रिव्हिएरा गाडीत स्पर्शाने चालणारा, जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा पडदा बसवला होता. रेडिओ आणि एसी त्यावरूनच. रस्त्यावरचं लक्ष उडतं अशा तक्रारी आल्या आणि काही वर्षांत तो गेला. पण तो पडदा सतत काही लिहून ठेवत नव्हता. २०१२चा लिहीत होता, आणि घोटाळा तिथेच झाला.

पाटी, पुसणं आणि ओरखडे

फ्लॅश मेमरीचा स्वभाव शाळेतल्या पाटीसारखा असतो, फक्त थोडा विचित्र. कोऱ्या पाटीवर लिहिता येतं. पण लिहिलेल्यातलं एक अक्षर बदलायचं तर अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहावी लागते. आणि दर पुसण्याला पाटीवर एक न दिसणारा ओरखडा पडतो. चिपमध्ये अशा हजारो पाट्या असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. या गाड्यांतल्या चिपचा प्रत्येक ब्लॉक साधारण ३,००० वेळा पुसता येईल अशा दर्जाचा होता. त्यानंतर त्यावरचं लिखाण भरवशाचं राहत नाही.

गाडी काय लिहीत होती? सगळंच. संगणकावर चालणारी लिनक्स प्रणाली आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते, त्या नोंदींना लॉग म्हणतात. कुठली सेवा सुरू झाली, कुठला संदेश आला, कुठे काय अडलं. एखाद्या सर्व्हरवर असे लॉग वाजवी असतात, कारण तिथली डिस्क बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. इथे ते मदरबोर्डवर डाख लावून बसवलेल्या चिपवर जात होते. त्यात नकाशाचे तुकडे आणि गाण्यांचा तात्पुरता साठा यांची भर. शिवाय दर अपडेटला सॉफ्टवेअर फुगत गेलं, त्यामुळे ८ जीबीतली मोकळी जागा आक्रसत गेली. चिपमधला नियंत्रक एकाच पाटीवर सगळा भार पडू नये म्हणून पाट्या फिरवत राहतो खरा, पण फिरवायला मोकळ्या पाट्याच कमी उरल्या की उरलेल्या लवकर झिजतात.

पुढे झालेल्या सरकारी चौकशीत कंपनीने जी माहिती दिली तिच्यानुसार रोजचा सरासरी वापर होता दर ब्लॉकमागे १.४ पुसण्या. आकडा किती बिनधोक वाटतो पाहा. दिवसाला दीड वेळासुद्धा नाही! पण ३,००० भागिले १.४ केलं की २,१४३ दिवस येतात. म्हणजे पाच वर्षं आणि दहा महिने. मूळ वॉरंटी होती चार वर्षांची किंवा ५०,००० मैलांची, यातलं जे आधी संपेल ते.

हा हिशेब मी मुद्दाम कागदावर मांडून पाहिला, कारण तो २०१२ सालीही मांडता आला असता. चिपच्या माहितीपत्रकात पुसण्यांची मर्यादा छापलेली असते. रोज किती लिहिलं जातं हे चाचणीच्या गाडीवर आठवडाभरात मोजता येतं. भागाकार तिसरीतला आहे. त्यामुळे 'अनपेक्षित बिघाड' हा शब्द मला इथे मान्य नाही.

स्वतंत्रपणे गाड्या दुरुस्त करणाऱ्या काही तंत्रज्ञांच्या ते सरकारच्या आधीच लक्षात आलं होतं. ते जुनी चिप गरम करून काढत, तिच्यातलं वाचता येईल तेवढं नव्या चिपवर उतरवत आणि ती परत जोडत. पण चिप पूर्ण मरण्याआधी गाडी हाती आली तरच हे जमे. गाडीची ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्ल्याही त्याच चिपवर होत्या. त्या गेल्या की नवी चिप लावूनही कंपनीचा सर्व्हर गाडीला ओळखत नाही. घराची किल्ली आतच राहून दार ओढलं जावं, तसं.

चौकशी

अमेरिकेत रस्तासुरक्षेची जबाबदारी असलेल्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एनएचटीएसएने, जून २०२०मध्ये प्राथमिक चौकशी उघडली. तेव्हा रोख होता २०१२ ते २०१५च्या सुमारे ६३,००० मॉडेल एस गाड्यांवर. नोव्हेंबरमध्ये चौकशीचा दर्जा वाढला आणि व्याप्ती दीड लाखाच्या पुढे गेली. तोवर कंपनीकडून आकडे आले होते: एमसीयू बदलण्याचे ७,७७७ दावे वॉरंटीतले आणि ४,७४६ वॉरंटीबाहेरचे. काही महिन्यांत बनलेल्या गाड्यांत बिघाडाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर आलेख वर चढत होता.

त्याच नोव्हेंबरमध्ये कंपनीने या चिपपुरती वॉरंटी आठ वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली. चांगली गोष्ट, पण वॉरंटी वाढवणं आणि दोष मान्य करणं यात कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. वॉरंटीत मालक रांगेत उभा राहतो, तेही चिप मेल्यावर. रिकॉलमध्ये, म्हणजे गाड्या परत बोलवताना, कंपनीला मालकाकडे जावं लागतं, चिप जिवंत असतानाच.

दरम्यान इंटरनेटवरून अपडेट पाठवून जखमेवर पट्टी बांधण्याचे प्रयत्न झाले. नोंदी कमी करायच्या, पडदा गेला तरी हवेचं तापमान आपोआप ठीक राहील असं करायचं, वगैरे. एनएचटीएसएने हे पुरेसं मानलं नाही. १३ जानेवारी २०२१च्या पत्रात संस्थेने सुमारे १,५८,००० गाड्या रिकॉल करायला सांगितलं. त्या पत्रातला सगळ्यात बोचरा भाग कंपनीच्याच कागदांतून आलेला आहे. कंपनीने किती युनिट कधी बदलावी लागतील याचा अंदाज बांधला होता: दुरुस्त्यांची लाट २०२२च्या सुरुवातीला शिगेला पोचेल, मग ओसरत जाईल, आणि २०२८पर्यंत जवळजवळ शंभर टक्के युनिट बदललेली असतील. प्रत्येक चिप जाणार हे ठरलेलं होतं. प्रश्न फक्त कुठल्या आठवड्यात, इतकाच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रिकॉल जाहीर झाला. मॉडेल एसच्या २०१२ ते २०१८च्या आणि मॉडेल एक्सच्या २०१६ ते २०१८च्या, म्हणजे मार्च २०१८च्या आधी बनलेल्या गाड्या. दुरुस्ती साधी होती: चिप ज्या छोट्या बोर्डावर होती तो बोर्ड बदलून ६४ जीबीचा लावायचा. आधी पदरचे पैसे भरलेल्यांना परतावा. या बिघाडामुळे अपघात किंवा इजा झाल्याचं आपल्याला माहीत नाही, असं कंपनीने नोंदवलं.

कंपनीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही

रिकॉल मान्य करताना कंपनीने दोष मान्य केला नाही. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा: कुठलाच भाग गाडीच्या आयुष्याइतका टिकत नाही. असे सुटे भाग अख्ख्या आयुष्यासाठी बनवायचे तर ते तंत्राने शक्य असलं तरी पैशाने परवडणारं नाही. या चिपचं सरासरी आयुष्य पाच-सहा वर्षं धरणं वाजवी आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे पळवाटीसारखं वाटलं. पण विचार केला की त्यात तथ्य दिसतं. ब्रेकचे पॅड झिजतात, टायर झिजतात, वायपरची रबरं तर दोन वर्षंही टिकत नाहीत, आणि त्यासाठी कुणी रिकॉल मागत नाही. मग चिपने काय घोडं मारलंय?

फरक झिजण्यात नाही. पॅड झिजला की आवाज करतो. काही पॅडमध्ये त्यासाठी पत्र्याची बारीक पट्टीच बसवलेली असते. टायरला खाचा असतात, नाणं घालून खोली बघता येते. शिवाय हे भाग कोपऱ्यावरच्या कुठल्याही गॅरेजात मिळतात आणि बसतात. ही चिप मात्र झिजताना दिसत नव्हती, तिची मुदत मालकाच्या पुस्तिकेत नव्हती, आणि ती बदलणं कंपनीच्या किंवा मोजक्या हिकमती कारागिरांच्या हातात होतं. त्यावर कडी म्हणजे ती गेली की सोबत भलत्याच गोष्टी जात होत्या. टायर झिजल्याने हेडलाइट बंद पडत नाही.

म्हणून माझ्या मते चूक ८ जीबीची चिप निवडण्यात कमी आणि तिच्या भोवती काय बांधलं यात जास्त होती. नोंदी लिहिणारा भाग आणि काच साफ करणारा भाग एका फांदीवर बसवायला नको होते. विमानात प्रवाशांपुढचे सिनेमाचे पडदे आणि वैमानिकाची यंत्रं वेगळी ठेवतात ती उगाच नव्हे. पडदे बंद पडले तर माणसं कुरकुरतात आणि झोपतात.

मग पुढे काय

बदललेल्या ६४ जीबीच्या चिपचा हिशेबही करून पाहू. बाकी सगळं तेच धरलं, म्हणजे रोज तेवढंच लिहिलं जातं आणि पुसण्यांची मर्यादाही तीच आहे, तर जागा आठपट म्हणून आयुष्य आठपट: सत्तेचाळीस वर्षं. प्रश्न मिटला असं वाटेल. पण बाकी सगळं तेच राहत नाही, हीच तर या क्षेत्राची रीत आहे. जागा मिळाली की सॉफ्टवेअर पाय पसरतं. खेळ आले, व्हिडिओ आले, गाडीचे कॅमेरे चित्रण साठवू लागले, बोलून चालणारे सहायक आले. रोज किती लिहिलं जाणार हे गाडी विकतानाच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं, कारण ते सॉफ्टवेअर अजून लिहिलेलंच नसतं. टायर किती झिजणार हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. चिप किती झिजणार हे तीन वर्षांनी अपडेट पाठवणाऱ्याच्या हातात आहे.

अपडेटने काय सुधारतं आणि काय नाही, याची सीमाही पुढच्या वर्षांत स्पष्ट झाली. मे २०२२मध्ये याच कंपनीच्या सुमारे १,३०,००० गाड्यांत जलद चार्जिंगच्या वेळी पडद्यामागचा प्रोसेसर तापून पडदा मंदावण्याचा किंवा कोरा होण्याचा दोष निघाला. कुणालाही सर्व्हिस सेंटरला जावं लागलं नाही. तापमान सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर गेलं आणि काम झालं. जानेवारी २०२५मध्ये सुमारे २,३९,००० गाड्यांचा रिकॉल आला. गाडी सुरू होताना संगणकाच्या बोर्डात शॉर्ट सर्किट होऊन मागचा कॅमेरा जाण्याची शक्यता होती. इथे अपडेट पुढच्या गाड्या वाचवू शकलं. ज्यांचा बोर्ड जळला त्यांना नवा बोर्डच लागला. पुन्हा तोच कॅमेरा, हे लक्षात घ्या. अमेरिकेत १ मे २०१८पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत तो सक्तीचा आहे. चैनीची वस्तू सक्तीची झाली, पण तिचं घर अजून करमणुकीच्या डब्यातच आहे.

काळाचं गणित दुसऱ्या बाजूनेही चुकतं. २०२४ साली अमेरिकेतल्या गाड्यांचं सरासरी वय १२.६ वर्षं होतं, असं एस अँड पी ग्लोबल मोबिलिटीची मोजणी सांगते. हे सरासरी वय आहे. म्हणजे त्याहून जुन्याही ढीगभर. तेवढ्या काळात मोबाइलचं जाळंच बदलून जातं. फेब्रुवारी २०२२मध्ये एटी अँड टी या अमेरिकन मोबाइल कंपनीने थ्रीजी बंद केलं तेव्हा अनेक कंपन्यांच्या गाड्यांचं इंटरनेट एका रात्रीत गेलं. त्यात कोणतीही चिप झिजली नव्हती. गाडी होती तशीच होती, बाहेरचं जग पुढे सरकलं होतं.

नियम करणारे हळूहळू जागे होताहेत. युरोपात २०२२पासून नव्या मॉडेलांसाठी आणि २०२४पासून सगळ्याच नव्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट कसं सांभाळायचं याचे नियम लागू आहेत. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना खरीखुरी, हाताला लागणारी बटणं असण्याला गुण ठेवले आहेत. त्यामागचा मुख्य विचार चालकाची नजर रस्त्यावर राहावी हा आहे. पण त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: पडदा मेला तरी ती बटणं जिवंत राहू शकतात.

झीज दिसण्याच्या मुद्द्यावर मात्र फारशी चर्चा नाही, आणि ते आश्चर्य आहे, कारण सोय चिपमध्येच आहे. ईएमएमसीच्या २०१३ साली आलेल्या ५.० या मानकापासून चिप स्वतः किती झिजली याचा अंदाज सांगू शकते, दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांत. संगणकाला विचारलं की उत्तर येतं. जुनी गाडी घेणारा माणूस किलोमीटर बघतो, टायर बघतो, बोनेट उघडून तेलाची कांडी काढून पुसून पुन्हा बुडवतो. त्याच्या डोळ्यांसमोर तो सतरा इंची पडदा चालू असतो. त्यावर हवामान असतं, गाण्याचं मुखपृष्ठ असतं, जवळचं चार्जिंग स्टेशन असतं. पडदा स्वतः किती दिवसांचा सोबती आहे, तो आकडा तेवढा नसतो.